दगडाचं पाणी

घोडबंदर रस्त्याला मेट्रोच्या खांबाशेजारी, उलव्यात अर्ध्या उभ्या टॉवरच्या पत्र्यांमागे, खारघरला एखाद्या सोसायटीच्या दारात, खडीचा ढीग कुठे ना कुठे पडलेला असतोच. पावसात धुऊन निघाला की काळाभोर, चार दिवस ऊन लागलं की राखाडी. दुचाकी घसरू नये एवढ्यापुरतंच आपलं त्याच्याकडे लक्ष. पण गेल्या तीन-चार वर्षांत चंद्र, मंगळ आणि लघुग्रहांबद्दल ज्या बातम्या आल्या, त्या नीट समजून घ्यायच्या तर आधी या ढिगापाशी थोडं थांबावं, असं माझं मत आहे. रॉकेटचे व्हिडिओ नंतर.

ही खडी म्हणजे बेसॉल्ट. पारसिकचा डोंगर, येऊर, विमानतळासाठी कापून सपाट केलेला उलव्याचा डोंगर, सगळा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेला लाव्हा. घाटात हे थर आडवे, रचून ठेवल्यासारखे दिसतात. पनवेलच्या आसपास ते समुद्राकडे कलतात. आजीचा पाटा-वरवंटा याच दगडाचा. आणि चंद्रावरचे काळे डाग, मंगळाची बरीचशी जमीन, शुक्राची मैदानं, तीही याच जातीच्या दगडाची. जात एक, घटकांचं प्रमाण थोडं इकडेतिकडे. खरा फरक पडतो तो त्या दगडाला पुढे पाणी किती भेटलं, कसलं भेटलं आणि किती काळ टिकलं, यात.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बांधकामाची वीस मिलिमीटरची खडी फार लहान पडते. पायात भरायला आणलेला मुठीएवढा डबर मिळाला तर उत्तम. तो जुन्या दातब्रशने घासून धुवा. मग जाड गोणपाटात गुंडाळून किलोभराच्या हातोडीने कडेवर फटका मारा. सपाट तोंडावर मारला तर हातोडी उसळते आणि दगड तसाच राहतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण बेसॉल्टच्या कपच्या काचेसारख्या धारदार उडतात. फुटलेल्या तुकड्याला बाहेरून तपकिरी साल दिसेल, आत काळं-करडं ताजं अंग. ती साल म्हणजे पावसाने केलेलं काम.

आता दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. इथे बहुतेकांचं चुकतं: भिंग दगडावर धरतात आणि डोळा लांब ठेवतात. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड हळूहळू जवळ आणायचा, तीनएक सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. तिरप्या उन्हात पाहिलं की शेवयांच्या तुकड्यांसारख्या पांढुरक्या काड्या चमकतात, तो फेल्डस्पार. त्यांच्या मधला काळा भाग मुख्यतः पायरॉक्सिन. हिरवट ऑलिव्हिनचे दाणे शोधायला गेलात तर हाती गंजलेले, मातकट ठिपके लागण्याची शक्यता जास्त. ऑलिव्हिन पाण्यापुढे सगळ्यात आधी हार मानतं.

खरी मजा भोकांत आहे. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. आपल्याकडच्या दगडात ती क्वचितच रिकामी सापडतात. कुठे हिरवं अस्तर असतं, कुठे पांढऱ्या चकचकीत स्फटिकांनी भोक गच्च भरलेलं. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. नाही फसफसलं तर चाकूच्या टोकाने ओरखडून बघा: ओरखडा उठला तर बहुधा झिओलाइट, नाहीच उठला तर गारगोटीच्या कुळातलं काहीतरी. दगडातून झिरपलेल्या पाण्याने एका ठिकाणचं विरघळवून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवलेला हा ऐवज आहे. झिओलाइटच्या तर स्फटिकातच पाणी बसलेलं असतं. म्हणजे आपला काळा पाषाण आतून ओला असतो, अगदी मे महिन्यातसुद्धा.

ही भरलेली भोकं लक्षात ठेवून चंद्राकडे वळू. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटला गाडीतून परतताना वाटेत एक भोकाभोकांचा काळा दगड दिसला. ह्यूस्टनहून थांबायची परवानगी मिळणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून सीटबेल्ट अडकल्याची थाप मारून तो उतरला आणि दगड उचलून आणला. सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, तीनशे कोटींहून जास्त वर्षांचा बेसॉल्ट. त्याच्या छायाचित्रात भोकं बघा: लख्ख रिकामी. अस्तर नाही, स्फटिक नाही, गंज नाही. आपल्या खडीच्या कितीतरी पट जुना असूनही तो कालच थिजल्यासारखा दिसतो. चंद्राला शशांक म्हणा, मृगांक म्हणा, तो ससा किंवा ते हरीण असल्या कोरड्या बेसॉल्टचं आहे.

तो ससा फक्त आपल्या बाजूला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला काळे डाग फारच थोडे, आणि असं का, हा जुना वाद आहे. जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई ६ यानाने त्या बाजूची १९३५.३ ग्रॅम माती पहिल्यांदा पृथ्वीवर आणली. त्यातल्या बेसॉल्टचं वय निघालं साधारण २८० कोटी वर्षं, म्हणजे पलीकडची बाजूही बराच काळ धगधगत होती. मला जास्त चटका लावून गेला तो दुसरा आकडा. त्या लाव्ह्याच्या उगमाशी पाणी किती होतं याचा हिशेब २०२५ मध्ये आला: एका ग्रॅम खडकामागे १ ते १.५ मायक्रोग्रॅम. हजार किलोच्या शिळेत जेमतेम चहाचा पाव चमचा.

मग चांद्रयानाच्या तयारीला आपली ही खडी का नाही वापरली? इस्रोला उतरण्याच्या आणि गाडी चालवण्याच्या चाचण्यांसाठी खोटी चांद्रमाती हवी होती, टनावारी. दख्खनचा काळा दगड ढिगाने उपलब्ध होता. पण दक्षिण ध्रुवाकडचा भाग सशाचा नाही, सशाच्या भोवतालच्या पांढऱ्या उंचवट्यांचा आहे. तिथला दगड अ‍ॅनॉर्थोसाइट, बहुतांश फेल्डस्पारचा, फिकट. तो सापडला तामिळनाडूत, सितमपुंडीला. तिथून आणून दळून त्याची माती केली आणि २०२० मध्ये त्या कृतीचं पेटंटही मिळालं. ती निवड बरोबर होती याचा दाखला पुढे प्रज्ञान गाडीनेच दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये विक्रम उतरल्यावर प्रज्ञान एकूण १०३ मीटर फिरली आणि २३ ठिकाणी थांबून मातीची रासायनिक तपासणी केली. उत्तर सगळीकडे जवळपास एकच: लोहयुक्त अ‍ॅनॉर्थोसाइट. सुरुवातीला चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, त्यात जड खनिजं बुडाली आणि हलका फेल्डस्पार सायीसारखा वर आला, या कल्पनेला त्या भागातून मिळालेला हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. लोकांच्या लक्षात राहिला तो उतरण्याचा क्षण. साय सापडली हे कुणी फारसं बोललं नाही.

त्याच विक्रमवर एक साधी, काठीसारखी वस्तू होती. दहा सेंटिमीटर खोल जाणारी, अंगावर दहा तापमापक बसवलेली. तिचं नाव चास्टे. तिचं महत्त्व कळायला मंगळावरचं एक अपयश आठवावं लागतं. २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाबरोबर अशीच एक तापमापी होती, तिला पाच मीटर खोल जायचं होतं. आत हातोडा, तो स्वतःला ठोकत ठोकत खाली जाणार. पण अशा ठोकणीत प्रत्येक ठोक्याला मागे उसळी बसते, ती रोखायला भोवतालच्या मातीने अंग घट्ट धरावं लागतं. मंगळाच्या त्या जागची माती वरून खरपुडीसारखी आळलेली निघाली; भोक पडलं ते मोकळं राहिलं, कडा ढासळल्याच नाहीत, पकड मिळाली नाही. दोन वर्षं यंत्रहाताने दाबून, ढकलून पाहिलं. जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडला, तेव्हा तिचं डोकं जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गेलं होतं. भिंतीत खिळा ठोकताना प्लास्टर भुगा झालं की खिळा नुसता नाचतो, तसंच काहीसं. चास्टेला मात्र मोटरच्या जोराने हळूहळू आत दाबलं होतं, ती गेली. तिने सांगितलं की विक्रमखालच्या, सूर्याकडे सहा अंश उतरत्या जागी पृष्ठभाग ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि जेमतेम मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ५९. नुसत्या उतारामुळे तेवीस अंशांचा फरक! यावरूनच पुढचा हिशेब निघाला: ध्रुवाकडे तोंड केलेला १४ अंशांहून अधिक उतार असेल तर तिथे कमी खोलीवरही बर्फ टिकू शकेल. चंद्रावर पाणी हुडकणाऱ्याने आधी उतार मोजावेत.

मंगळाकडे येताना पुन्हा आपल्या डोंगराची साल आठवा. बेसॉल्टमधलं लोह गंजतं, तांबूस मुरूम होतो. मंगळही याच कारणाने लाल आहे, हे शाळेतच शिकवतात. पण कुठला गंज? वर्षानुवर्षं उत्तर होतं हेमटाइट, म्हणजे कोरड्या हवेत सावकाश झालेला, पाण्याविना. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका गटाने वेगळं दाखवलं. त्यांनी बेसॉल्टची अतिबारीक पूड केली, तिच्यात वेगवेगळे गंज मिसळून पाहिले आणि मंगळाच्या धुळीच्या प्रकाशाशी ताडून पाहिले. सगळ्यात जुळलं ते फेरिहायड्राइट, गार पाण्यात पटकन बनणारा, पोटात पाणी धरून ठेवणारा गंज. म्हणजे मंगळ ओला असतानाच लाल झाला, आणि तसाच तो आजतागायत आहे. नंतर इतका कोरडा आणि थंड पडला की गंजाचं पुढचं रूपांतरही थांबलं.

आणि मग ते ठिपके. पर्सिव्हरन्स गाडीला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात येणाऱ्या जुन्या नदीच्या पात्रात मीटरभर लांबीची एक तांबूस शिळा भेटली, नाव ठेवलं चेयावा फॉल्स. तिच्यावर मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला काळी किनार. शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटलं. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सविस्तर निबंध आला: ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट, बहुधा व्हिव्हियनाइट, आणि लोहाचं सल्फाइड, बहुधा ग्रेगाइट. शिळा म्हणजे जुना चिखल, आणि त्यात कार्बनी पदार्थांच्या खुणाही.

ही रसायनं परकी वाटत असतील तर ओहोटीला ऐरोलीच्या बाजूने खाडीकडे जा. तिवरांच्या मुळांशी वरचा बोटभर चिखल तपकिरी, त्याखालचा काळाशार, आणि पाय घातला की सडक्या अंड्याचा वास. प्राणवायू नसलेल्या त्या गाळात जीवाणू सडलेली पानं खातात आणि श्वासाला प्राणवायूऐवजी लोह नि सल्फेट वापरतात. त्यातून लोहाची सल्फाइडं बनतात, गाळ काळा पडतो. फ्लेमिंगोंची गर्दी ज्या चिखलावर पोसली जाते, त्याच्या तळाशी हा कारखाना चालू असतो. मंगळावरच्या ठिपक्यांत जे दिसतं ते याच प्रकारच्या देवघेवीचं उरलेलं चित्र असू शकतं.

असू शकतं, एवढंच. हीच खनिजं जीवाणूंशिवायही बनतात, पण त्यासाठी सहसा बरीच उष्णता लागते आणि त्या शिळेला तसा चटका बसल्याच्या खुणा दिसत नाहीत. थंडपणे, जीवाविना असं घडू शकतं का, हे इथल्या प्रयोगशाळांत तपासायचं शिल्लक आहे. नमुना तिथेच गाडीत नळीबंद आहे, खडूच्या तुकड्याएवढा: तेरा मिलिमीटर जाड, सहा सेंटिमीटर लांब. तो इथे आणायचा खर्च २०२४ मध्ये मोजला तेव्हा ११ अब्ज डॉलर आणि मुहूर्त २०४०, म्हणून योजना अडकली. सगळ्यात बोलका दगड सापडला आणि रिक्षाभाड्यावरून घोडं अडलं.

नळी भरणं हेही वाटतं तितकं सोपं नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये याच गाडीने पहिलं भोक पाडलं, नळी बंद केली, सगळे आकडे बरोबर आले. मोजमाप आणि छायाचित्रं पाहिली तर नळीत हवाच. दगड इतका झिजलेला होता की गिरमिटाखाली त्याची पूड झाली आणि भोकाभोवती सांडली. पुढच्या महिन्यात मुद्दाम टणक खडक निवडला तेव्हा जमलं.

जो दगड घरी आला त्याचीही एक गोष्ट आहे, आणि वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही फिटरला ती पटेल. ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू लघुग्रहावरून आणलेली कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजी यूटाच्या वाळवंटात उतरली. नमुन्याच्या डब्याच्या झाकणाला ३५ बोल्ट. तेहतीस निघाले, दोन हलेनात. आपल्याकडे दोन थेंब तेल, थोडी आच, नाहीतर ग्राइंडर. तिथे यातलं काहीच चालणार नाही: तेलातला कार्बन नमुन्यात गेला तर अंतराळातला कार्बन शोधायचा कुठे? ग्राइंडरची धातूची पूड तर त्याहून वाईट. काम नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, हातमोज्यांतून, मोजक्या मंजूर हत्यारांनी. शेवटी त्या पेटीत चालणाऱ्या सगळ्यात कठीण, अचुंबकीय शस्त्रक्रियेच्या पोलादाची नवी हत्यारं घडवली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते दोन बोल्ट सुटले. आलेलं एकूण वजन १२१.६ ग्रॅम, उद्दिष्ट होतं साठचं.

त्या चिमूटभर काळ्या भुकटीत काय काय निघालं! सजीवांच्या प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा, डीएनए आणि आरएनएची पाचही अक्षरं. मथळे त्यांचेच झाले. पण जानेवारी २०२५ च्या निबंधांतली खरी मेजवानी क्षारांची आहे. खारं पाणी आटताना जे जे एकामागून एक खाली बसतं, ते सगळं तिथे मिळालं: कार्बोनेटं, फॉस्फेटं, सल्फेटं, शेवटी साधं मीठसुद्धा. भाईंदर-उरणच्या मिठागरांत हा क्रम दरवर्षी उघड्यावर घडतो. बेन्नूचा जो मूळ पिंड फुटला, त्याच्या पोटात तो सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी घडला. त्यात ट्रोना होतं, पृथ्वीबाहेरच्या नमुन्यात पहिल्यांदाच. ट्रोना म्हणजे सोडियमचं कार्बोनेट-बायकार्बोनेट, पापडखाराचा सख्खा भाऊ. लोणारच्या खाऱ्या तळ्यातून पूर्वी असलेच खार काढत. आणि लोणार म्हणजे बेसॉल्टमध्ये उल्कापाताने पडलेल्या, जगातल्या मोजक्या विवरांपैकी एक. काळा दगड, वरून आघात, मग आटणारं पाणी. गोष्ट फिरून तिथेच येते.

हे क्षार आजवरच्या उल्कांत फारसे का नाही दिसले? कारण उल्का पावसात, दमट हवेत पडतात आणि क्षार विरघळून जातात. जुलैत ठाण्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच तिथे होतं. नायट्रोजनची पेटी म्हणूनच. दोन बोल्टांसाठी तीन महिने थांबण्यामागचं कारणही तेच.

एवढं सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर गच्ची आहे. नॉर्वेच्या योन लार्सन या जॅझ वादकाने युरोपातल्या शहरी छपरांवरच्या तीनशे किलो गाळातून पाचशे सूक्ष्म उल्का वेचून काढल्या आणि २०१७ मध्ये शास्त्रज्ञांबरोबर त्यावर निबंध लिहिला. बहुतेक दाणे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. कृती साधी आहे. पावसाळा संपला की पन्हाळीच्या तोंडाशी साठलेला किलोभर गाळ घ्या, बादलीत ढवळा, जड भाग तळाला बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी ओता. पाणी स्वच्छ होईपर्यंत सात-आठ वेळा. उन्हात कडकडीत वाळवा. चहाच्या गाळणीतून खाली पडेल तेवढंच ठेवा. दमदार लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घ्या. चिकटलेलं कागदावर पडेल. पिशवी विसरलात तर चुंबकाची मिशी काढत बसाल.

आता अडचण. गच्चीवर कधी पत्र्याची शेड घातली असेल, आणि कुठल्या गच्चीवर ती नाही, तर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे हजारो गोळे मिळतील: गुळगुळीत, चकचकीत, बरेचसे पोकळ. दिवाळीचे फटाकेही असलेच गोळे उडवतात. तळोजा किंवा दिघ्याच्या कारखान्यांजवळ तर विचारू नका. सुंदर, तुळतुळीत गोळा दिसला की तो आकाशातला नव्हे असंच आधी धरून चालायचं. खऱ्या सूक्ष्म उल्का चाळीसपट सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा किंचित लांबट दिसतात, अंगावर समांतर बारीक रेघा, कधी टोकाला धातूचा चमकता मणी. पक्की खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही. संशयित दाणा ओल्या दातकोरणीच्या टोकाने उचलायचा, काचपट्टीवर ठेवायचा, शेजारी तारीख आणि गच्चीचा पत्ता लिहायचा.

आणि एक त्रास खास आपल्या भागातला. बेसॉल्टमध्ये चुंबकाला ओढ घेणारं मॅग्नेटाइट असतं. त्यामुळे इथे चुंबकावर येणारा बहुतेक माल कोनाकोनाचा, काळा, मंद चमकीचा भुगा असतो. प्लास्टरमधल्या क्रश सँडचा, रस्त्यावरच्या कचेचा, वाऱ्याने चौदाव्या मजल्यापर्यंत आलेला पारसिकचा डोंगर. तो आधी सगळा टाचणीने बाजूला सारावा लागतो, दाणा दाणा करून. एका किलोला दोन-तीन संध्याकाळी सहज जातात.